नमुना चाखायचा नाही

३ ऑक्टोबर, सोमवार

एकसष्ट! यायला हवं होतं शून्य. शुक्रवारी ह्याच खेपेचा रस जंतू मारायच्या यंत्रातून निघाल्या निघाल्या तपासला तेव्हा प्लेट अगदी कोरी होती. ह्याच खेपेची एक बाटली परवा, चाचणीपुरत्या बाटल्या ठेवल्यात त्या दुकानाच्या गार कपाटातून परत मागवली, तिचा थेंब जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरला, प्लेट उबेच्या पेटीत ठेवली. आज झाकण उघडून बघते तर एकसष्ट ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जंतू, तोही पोट बिघडवणाऱ्या जातीचा.

बाटली बंद, बूच पक्कं. मग आले कुठून? आभाळातून पडले?

ताईला सांगितलं. ती सफरचंदांच्या पेट्या उतरवून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "पुन्हा मोज." जसं काही मला एकसष्टपर्यंत अंक येत नाहीत!

गाळपवाले काका बाजूलाच उभे होते. ते सफरचंदं चिरडून रस काढतात, वीस वर्षं तेच करतात. हसून म्हणाले, "बाई, एवढं भिंग लावून बसता, त्यापेक्षा एक घोट घेऊन का बघत नाही?" म्हटलं, "काका, नमुना चाखायचा नाही. पहिला नियम." बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं, एक थेंब जिभेला लावला नाही. लावला असता तर आज ही वही लिहायला राहिले नसते. काका म्हणाले, "मग तुम्हाला रस कळणार कसा?"

रस कळायला ताई आहे. मला जंतू कळले म्हणजे पुरे. तेही सध्या कळत नाहीयेत.

४ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा मोजले. एकसष्टच.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज ताईशी वाजलं. म्हणाली, "तू शंकासुर आहेस. यंत्र आणलं तेव्हा तूच नाचत होतीस."

नाचत होते, खरं आहे. मागच्या हंगामात गल्लीतली दोन मुलं आजारी पडली, त्यातलं एक सहा दिवस दवाखान्यात होतं. रसानंच झालं असं कुणी म्हणालं नाही. रसानं झालं नाही, असंही कुणी म्हणालं नाही. ताई पंधरा दिवस धड जेवली नव्हती. सगळे म्हणाले, उकळून विका. त्यावर तिनं ऐकवलं, "उकळायचाच असता तर मी चहाचं दुकान काढलं असतं!" तिची जीभ म्हणजे जीभ आहे. डोळे मिटून एक घोट घेईल आणि सांगेल — कच्चा, की विस्तव दाखवलेला. उकळलेल्या रसाला ती 'शिजलेला' म्हणते, तेसुद्धा असं तोंड करून की समोरच्याला आपलाच काही गुन्हा झाल्यासारखं वाटावं.

म्हणून हे किरणांचं यंत्र. काचेच्या नळीत दिवा आणि नळीच्या भोवतीनं रस, कागदाएवढा पातळ होऊन वाहतो. दिव्याचे किरण जंतूंना मारतात. रस तापत नाही, बाहेर येतो तोही गारच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या होत्या.

आता बावीस तारखेपासून चाळीस दुकानांत रस जायचाय. त्याआधी एकवीसला तपासनीस बाई कागद न्यायला येणार. कागदावर लिहायचं आहे : बाटलीबंद रस चार दिवस सुरक्षित. खाली सही माझी. ताईची नाही, यंत्रवाल्याची नाही. माझी!

दुपारी बबडी आली होती. ताईची एकुलती एक, सातवा महिना. नऊ वर्षांनी दिवस राहिलेत, घरात सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपतात. ताईनं नेहमीप्रमाणे दोन बाटल्या हातात दिल्या — "रोज एक पेला. रक्त वाढतं." बबडीनं मुकाट्यानं पिशवीत टाकल्या. आईला नाही म्हणायची टाप कुणाची आहे?

मी फाटकापर्यंत सोडायला गेले. पोटातल्या बाळाला असले जंतू म्हणजे — नको, लिहवत नाही. हळूच म्हटलं, "बबडे, माझा होकार येईपर्यंत जरा जपून हं." ती म्हणाली, "बरं मावशी." मग रिक्षा आली.

८ ऑक्टोबर, शनिवार

यंत्रवाला आला. दिवा तपासला, नळ्या तपासल्या, रसाचा वेग तपासला. सगळं ठीक. जाताना बूट घालत घालत म्हणाला, "यंत्रात काही नाही. मॅडम, तुमचे हात तपासा."

माझे हात!

ताईच्या देखत म्हणाला. ताई त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली, तेच जास्त लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, असंच वाटलं असणार तिला.

तो गेल्यावर मी खरंच हात तपासले. बोटं प्लेटवर टेकवली, टेबल पुसून घेतलं, भिंग, चिमटा, झाकणं, धुतलेली रिकामी बाटली, सगळ्यांच्या प्लेटा लावल्या. सोमवारी कळेल. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची तपासणी करतेय.

१० ऑक्टोबर, सोमवार

माझे हात स्वच्छ आहेत!! टेबल स्वच्छ. बाटली स्वच्छ. यंत्रवाल्याला पेढे — नाही, काहीच देऊ नये.

पण आनंद दुपारपर्यंतच. शनिवारीच दुकानातून सहा बाटल्या आणल्या होत्या, एकाच खेपेच्या. त्यांच्या प्लेटा आज उघडल्या. तीन प्लेटांवर ठिपके : अडतीस, बावन्न, सत्तेचाळीस. तीन कोऱ्या. एकच खेप, एकच कपाट, एकच दिवस. अर्ध्या मेल्या, अर्ध्या जिवंत. हे काय गौडबंगाल आहे?

डोकं पार भंजाळलं. माझ्याच खुणा चुकल्या की काय, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. 'पु' आणि 'मा'. पुढची रांग, मागची रांग. आणताना मीच लिहिलं होतं, सवयीनं. पाण्याचे नमुने घेतानाही लिहायचे — नळ कुठला, टाकी कुठली.

पुढच्या रांगेतल्या तिन्ही जिवंत. मागच्या रांगेतल्या तिन्ही मेलेल्या.

पुढच्या रांगेला काय सोनं लागलंय?

११ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात जाऊन कपाटासमोर अर्धा तास उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "काय हवंय?" म्हटलं, "तेच कळत नाहीये." त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

काचेचं दार. आत पांढरी नळी लखलखते. समोर रस्ता, सकाळचं ऊन थेट काचेवर. पुढच्या बाटल्या कशा सोन्यासारख्या चमकतात. मागच्या पुढच्यांच्या सावलीत.

१२ ऑक्टोबर, बुधवार

न राहवून जुन्या साहेबांना फोन केला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आवाज अजून तसाच, ओरडल्यासारखा. सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटले. "बाई, आपण पाण्यात क्लोरीन घालायचो. मेले ते मेले. किरणांचं तसं नाही. किरणांनी काही मरतात, काही नुसतेच जखमी होऊन पडतात. साधा उजेड मिळाला की ते आपली मोडतोड आपणच दुरुस्त करतात. उठतात आणि वाढायला लागतात."

"म्हणजे उजेडच मारतो आणि उजेडच उठवतो?"

"मारणारा वेगळा, उठवणारा वेगळा."

मला धड कळलं नाही. फोन ठेवल्यावर तर आणखीच कळेना. पण एक कळलं, अंधार करून बघायचा. खेपेतल्या आठ बाटल्या घेतल्या. चार काळ्या कागदात गुंडाळल्या, चार तशाच. आठही खिडकीत.

काका म्हणाले, "ह्यांना थंडी वाजते का?"

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ प्लेटा. झाकलेल्या चार — शून्य, शून्य, शून्य, शून्य! उघड्या चार — चव्वेचाळीस, सत्तावन्न, एकोणचाळीस, एकसष्ट.

मी ओरडलेच! काका गाळप थांबवून धावत आले, त्यांना वाटलं हात भाजला. त्यांना धरून धरून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे झाकून ठेवलं की झालं?" झालं! गडद बाटल्या आणा, नाहीतर रस यंत्रातून आणखी सावकाश सोडा, किंवा दोनदा सोडा, म्हणजे जखमी कुणी उरणारच नाही. उपाय आहे. आठ-दहा दिवस लागतील, पुन्हा सगळं तपासावं लागेल, पण आहे!

ताईकडे गेले. वाटलं होतं गळ्यात पडेल.

"गडद बाटल्या? अगं, लोक रंग बघून उचलतात. काळ्या बाटलीत औषध मिळतं, रस नाही." मग म्हणाली, सावकाश सोडला तर दिवसाला निम्म्याच बाटल्या होतील, चाळीस दुकानांना काय पाठवू? आणि शेवटी म्हणाली, "खिडकीत उन्हात ठेवल्यास, तापल्या, म्हणून वाढले जंतू. ह्यात उजेडाचं काय आलं?"

मी म्हटलं, काळा कागद तर जास्तच तापतो. ती म्हणाली, "मग बबडीचं काय? ती तर बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीतच ठेवते. भर उजेडात. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला काही झालंय?"

खिडकीत!

ताईचा चेहरा उतरला, बोलून गेल्यावर. हळू आवाजात म्हणाली, "तिची बाटली आण. तपास. तिथे निघालं तर मी मानेन. बावीस तारीख गेली खड्ड्यात."

ताई अशी आहे. आडमुठी आहे, पण खोटी नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

बबडीकडे जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत माझाच जीव वर. ती एकटीच होती, जावई बाजारात गेलेले.

बाटली खिडकीतच! पारदर्शक काच, पूर्वेचं ऊन, अर्धी भरलेली. गुरुवारच्या खेपेची, चौथा दिवस. हात लावला तर कोमट लागली. मनात म्हटलं, संपलं. ह्यात दोनशे निघतील.

"रोज प्यायलीस ह्यातून?"

"हो, एक पेला. रोज सकाळी." ओट्यावर एक लहान पातेलं पालथं घातलेलं होतं, ते तिनं उचलून फडताळात ठेवलं. ह्या दिवसांतही किती टापटीप, आईवर गेली आहे अगदी. मी पाठीवर हात फिरवला. ती म्हणाली, "काय गं मावशी, काही वाईट आहे का?" "नाही गं राणी, काही नाही." खोटं बोलले.

मी बाटली पिशवीत टाकायला लागले तर म्हणाली, "उष्टी अर्धी कशाला नेतेस? बंद आहे ना एक, ती ने." म्हटलं, मला हीच हवी. ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "आईला द्यायला नाही ना?" म्हटलं, नाही, माझ्या कामाला.

बंद होती तीही आणली मागून. म्हटलं, हिच्या घरात नकोच. वाटेत ओतून टाकली गटारात. ताईला सांगणार नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

कामात लक्ष नाही. पेटीचं दार दोनदा उघडून पाहिलं. चोवीस तास व्हायच्या आत काही दिसत नसतं, मला माहीत का नाही? तरी उघडलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

शून्य.

बबडीच्या बाटलीच्या तीन प्लेटा लावल्या होत्या. तिन्ही कोऱ्या. चार दिवस उजेडात, कोमट, रोज बूच उघडलेलं, आणि एक ठिपका नाही! हवेतलासुद्धा नाही!

मी खुर्चीत बसून रडले. आनंदानं. बाळाला काही नाही, बबडीला काही नाही. नाक पुसलं, आणि मग डोकं धरून बसले. असं कसं होईल? दुकानातल्या उजेडात जंतू उठतात, माझ्या खिडकीत उठतात आणि बबडीच्या खिडकीत मरून पडतात?

कुठल्या तोंडानं सांगू ताईला?

१९ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. ताई काही म्हणजे काही टाकून बोलली नाही. नुसती खुर्चीत बसली, डोळे पुसले. म्हणाली, "पाच दिवस मी धड श्वास घेतला नव्हता." मग उठली आणि नेहमीची ताई झाली. "दुकानाचं कपाट गार होत नसेल. ते बदलायला लावते. तुझी खिडकी तापते. झालं तुझं उजेडाचं भूत. दुधानं तोंड पोळलंय तुझं, म्हणून ताकही फुंकून पितेस."

"पण मागची रांग? काळा कागद?"

"आणि बबडी? ती काय काळा कागद गुंडाळते?"

रविवारीच संध्याकाळी जावयांनी ताईकडून दोन नव्या बाटल्या नेल्या होत्या. त्यातली उघडलेली काल येता येता त्यांच्याकडून मागून घेतली होती, तीही लावली आहे. उद्या कळेल. ती ठिपक्यांनी भरलेली निघाली तर मी सही करणार नाही. बस्स!

साहेबांना फोन लावला. उचलला नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

तीही शून्य.

दिवसभर समोर दोन ढीग मांडून बसले. एकीकडे दुकान आणि माझी खिडकी : ठिपकेच ठिपके. एकीकडे बबडीचं घर : कोरं. दोन्ही माझ्याच हातचं काम. एक खरं तर दुसरं खोटं. कुठलं? मी पाण्याची बाई, मला रसातलं काय कळतंय? साहेबसुद्धा पाण्याचेच. त्यांनी पुस्तकातलं सांगितलं असेल, सफरचंदाच्या आंबटपणात तसं होत नसेल. कपाटच गार होत नसेल. काळ्या कागदाच्या वेळी मी आणखी काही चुकले असेन. यंत्रवाला म्हणाला होताच, हात तपासा.

काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "मला काय वाटायचंय. मी तर चाखून बघा म्हणालो होतो." त्यांचं आपलं एकच पालुपद.

शेवटी मनाशी म्हटलं, मला भीती कोणाची होती? बबडीची. ज्या घरासाठी जीव टांगणीला लागला होता त्याच घरातून दोनदा शून्य आलं. माणसानं आणखी काय मागावं?

साडेपाचला सही केली. सही वाकडी आली. ताईनं कागद तिच्या टेबलावर वजनाखाली ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शंकासुर," म्हणाली. प्रेमानं.

बरं वाटायला हवं होतं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

बबडीच्या बाटल्या विसळायला घेतल्या. एकीच्या तळाशी तीन-चार घोट होते. ओतणारच होते. काकांचं पालुपद कानात होतं. दार लावून घेतलं आणि चाखला.

शिजलेला!

ह्याला ताईची जीभ लागत नाही, कुणालाही कळेल. फोन केला. बबडी म्हणाली, "मावशी, तूच नाही का म्हणालीस फाटकापाशी? तुझा होकार येईपर्यंत जपून. आईला नाही म्हणता येईना, म्हणून रोज सगळी बाटली पातेल्यात उकळते, परत भरते आणि निवायला खिडकीत ठेवते. आईला सांगू नकोस गं, तिला फार लागेल."

मी बोलले आणि विसरले. पोरीनं ऐकलं!

पाच मिनिटं नुसती रडत होते. बाळ सुखरूप आहे. आणि बाकी कुणीही उकळणार नाहीये, चाळीस दुकानांतलं कुणीही.

आता साडेतीन. तपासनीस बाई चारला येणार. कागद वजनाखाली आहे. मी ताईला काही सांगत बसणार नाही, माझं ती ऐकायची नाही. उरलेला घोट कपात ओतलाय. तिच्यापुढे ठेवते आणि म्हणते — बबडीच्या बाटलीतला आहे, चाखून बघ.